करंजी नर निघाली : भुसावळच्या एका घरातलं गिनी पिगचं प्रकरण

दादाचा प्रश्न एका ओळीचा होता. बर्फीचं, म्हणजे त्याच्या घरातल्या गिनी पिगच्या मादीचं (उंदराच्या जातकुळीतला, हातात मावणारा पाळीव प्राणी), अजून एक वेत घेऊ का, पिल्लांना गिऱ्हाईक आहे.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, भुसावळला रेल्वेत आहे, जुन्या क्वार्टरमध्ये राहतो. घरात वहिनी, सातवीतली भाची आणि मावशी. मी धुळ्याला असते, माझ्याकडं बरीच वर्षं गिनी पिग आहेत, फक्त माद्या, त्यामुळं नातेवाइकांत कोणाच्या सशाला शिंक आली तरी फोन मलाच येतो. या प्रकरणात मी सल्ला देणारी होते, निर्णय त्यांचा होता. सगळं सविस्तर लिहून राहिले कारण असाच प्रश्न जळगाव, पाचोरा, शिरपूर कुठूनही येतो, आणि दोन ओळीत "नको" म्हटलं की समोरच्याला वाटतं ही उगाच घाबरवते.

आधी काय झालं ते

दिवाळीत भाचीसाठी दोन गिनी पिग आणले. दुकानदारानं सांगितलं दोन्ही माद्या आहेत, बहिणी आहेत, भांडणार नाहीत. दिवाळी होती म्हणून नावं ठेवली बर्फी आणि करंजी. संक्रांतीच्या सुमाराला सकाळी वहिनी पिंजरा झाडायला गेल्या तर आत तीन पिल्लं, डोळे उघडे, अंगावर केस, दात आलेले, आणि चालून राहिली. गिनी पिगचं पिल्लू असंच जन्मतं, उंदरासारखं गुलाबी आंधळं नसतं, दुसऱ्या दिवसापासून गवत कुरतडायला लागतं. घरात आनंदीआनंद. मग लक्षात आलं की करंजी नर आहे. नाव काही बदललं नाही, अजून करंजीच.

दुकानदारानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, लहान वयात नर-मादी ओळखणं खरंच अवघड असतं. मादीचं वाय आकारासारखं दिसतं, नराचं बारीक टिंबासारखं आणि त्याच्या वर हलकं दाबलं की आतली दांडी बोटाला लागते. पण हे ज्याला बघता येत नाही त्यानं "दोन्ही माद्या" असं छातीठोक सांगायला नको होतं, आणि आपणही कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, आणल्या आणल्या कोणा जाणकाराला दाखवायचं.

दादानं दुसऱ्या दिवशी करंजीला वेगळ्या खोक्यात ठेवलं. त्याला वाटलं विषय संपला. पण गिनी पिगची मादी व्यायली की काही तासांतच परत माजावर येते, अन् तेवढ्यात नर जवळ असला तर त्याच रात्री परत गाभण राहते. बर्फी राहिली. गाभणपण ५९ ते ७२ दिवसांचं असतं, बहुतेक वेळा ६५च्या आसपास, त्यामुळं गुढीपाडव्याच्या आधी दुसरं वेत झालं, चार पिल्लं, चारही धडधाकट, अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

इथं दादाच्या डोक्यात हिशोब सुरू झाला. पहिलं वेत कळलंच नाही, दुसरं डोळ्यांसमोर इतकं सोपं झालं, ऑफिसातले दोघं तिघं जोडी मागून राहिले, जोडीला हजार बाराशे द्यायला तयार. मग करंजीला परत सोडायला काय हरकत आहे?

मी गेले तेव्हा जे दिसलं

पाडव्याला गेले. घराला पिंजरा एकच, बर्फी, तिची नवीन चार पिल्लं आणि पहिल्या वेताची तीन, सगळी त्यात. पहिल्या तिघांची नावं शेव, लाडू, चिवडा. शेव मादी, बाकीचे दोघं नर, हे मी पाहून सांगितलं, घरच्यांना तोपर्यंत माहीत नव्हतं. आणि ती पिल्लं दोन महिन्यांच्या पुढची.

आता इथं जरा थांबा. नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईपासून आणि बहिणींपासून वेगळं काढायचं असतं, वजन साधारण अडीचशे ग्रॅम भरतं तेव्हा. मादी पिल्लू चौथ्या-पाचव्या आठवड्यात गाभण राहू शकतं. चौथ्या आठवड्यात! आपल्याला ते बाळ दिसतं, हातात मावतं, आईचं दूध सुटून आठवडा झालेला असतो. शेव त्या दोन भावांबरोबर महिनाभर जास्त राहिली होती.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेकाचं वजन केलं. शेव भावांपेक्षा जड भरली, आणि बाजूनं पोट घट्ट लागलं. मी वहिनींना म्हटलं ही पण आहे. वहिनी म्हणे, "अहो ताई, ती तर लेकरू आहे." दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी हातानं चाचपून सांगितलं, दोन गोळे लागतात.

म्हणजे दादा "अजून एक वेत घेऊ का" विचारून राहिला तेव्हा घरात एक वेत न विचारता चालू होतं, भावापासून राहिलेलं, अन् हिशोब केला तर एप्रिलचा शेवट किंवा मेची सुरुवात. भुसावळचा मे.

बकरीचा हिशोब इथं का लागू होत नाही

मावशी मूळची अमळनेरची, बकऱ्या पाळलेलं घर. तिचं म्हणणं सरळ होतं. बकरी गाभण राहते, विते, दूध देते, पिल्लं मोठी होतात, बोकड विकला जातो, त्यात डॉक्टर कशाला. "अय माय, इतलासा उंदीर नं त्यानी इतली काळजी?" आपल्याकडं हाच विचार घराघरात आहे, आणि बकरीसाठी तो बरोबरच आहे, म्हणून मी त्यावरून कोणाला नावं ठेवत नाही.

पण आकडे मांडून बघा. तीस किलोच्या बकरीला दोन-दोन किलोची दोन पिल्लं झाली तर तिच्या वजनाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं ओझं. बर्फी आठशे ग्रॅमची, तिची चार पिल्लं ऐंशी-ऐंशी ग्रॅमची, म्हणजे तीनशे वीस ग्रॅम. स्वतःच्या वजनाच्या पाच भागांतले दोन भाग पोटात. शेवटच्या आठवड्यांत गिनी पिगची मादी बसल्या जागी पसरते ती काही लाडानं नाही. आणि दूध पाजायला सड दोनच, चार पिल्लं असली की पाळीपाळीनं.

दुसरं म्हणजे हाड. कमरेखालचं पुढचं हाड दोन बाजूंनी येऊन मध्ये कूर्चेनं जोडलेलं असतं, विण्याच्या आधी ते बोटभर उघडतं आणि तेव्हाच पिल्लाचं डोकं बाहेर येतं, पिल्लं पूर्ण वाढलेली असतात ना. मादीचं पहिलं वेत सहा-सात महिन्यांच्या आत झालं नाही तर ते हाड पुढं घट्ट जुळून जाऊ शकतं, मग उघडत नाही, पिल्लू अडकतं, आणि सिझरशिवाय मार्ग नसतो. म्हणून "आधी दोन वर्षं नीट वाढू देऊ, मग एक वेत घेऊ" हा वरून समजूतदार वाटणारा विचार गिनी पिगमध्ये सगळ्यात घातक. आणि फार लवकर झालं, शेवसारखं, तर तिची स्वतःची वाढ चालू असताना पोटातल्यांना पोसायचं. म्हणजे मधे जी खिडकी आहे ती लहान, आणि ती साधली तरी धोका शून्य होत नाही.

याच काळात वहिनींच्या ओळखीतल्या एका बाईंनी फोन केला होता. त्यांची मादी दोन वर्षांची, कधी व्यायलेली नाही, "करंजीकडं दोन दिवस सोडू का, एकदा पिल्लं झाली की मादीची तब्येत चांगली राहते म्हणतात." तेवढं मात्र मी स्पष्ट सांगितलं, बाई, तिला मारायला आणताय. पिल्लं झाल्यानं तब्येत सुधारते हे कुठून आलं कोण जाणे, माणसांच्या बायकांनाही हेच ऐकवतात. अंडाशयात पाण्याच्या गाठी वयस्क माद्यांना पुष्कळ होतात, पिल्लं झालेल्यांनाही होतात.

डॉक्टर कुठं आहे

डॉक्टर चांगले होते, आणि प्रामाणिक होते. ते म्हणाले, मी गाय-म्हैस, बकरी, कुत्रं पाहतो, याचं सिझर मी केलेलं नाही, करायची वेळ आली तर मी हात लावणार नाही. मला उलट बरं वाटलं. असं सांगणारा डॉक्टर मिळणं नशीब, कारण हात लावून बघू म्हणणारा जास्त महाग पडतो. गिनी पिगला तोंडावाटे पेनिसिलिन गटातलं औषध, अमॉक्सिसिलिन वगैरे, जे आपल्याकडं कुत्र्याला अन् माणसाला सहज दिलं जातं, ते दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, वाईट वाढतात, आणि प्राणी काही दिवसांत जाऊ शकतो. घरातल्या मेडिकल बॉक्समधून काही द्यायचं नाही हे मी भाचीच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

लहान प्राण्यांची नेहमी ऑपरेशनं करणारा डॉक्टर शोधला तर फोनवर जुळला तो नाशिकचा. भुसावळ ते नाशिकरोड रेल्वेनं साधारण अडीचशे किलोमीटर. विताना मादी वीस-तीस मिनिटं कळा देऊन राहिली आणि पिल्लू आलं नाही तर ती इमर्जन्सी. आता जोडा हे दोन आकडे. दादा रेल्वेत आहे, त्याला कुठली गाडी कितीला येते सांगावं लागत नाही. तो गप्प बसला.

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात ठरवणारा मुद्दा हाच. पुण्या-मुंबईत कोणी अनुभवी माणूस दहा मिनिटांवर डॉक्टर ठेवून काही करत असेल तर तो वेगळा विषय, मी त्यावर भांडणार नाही. आपल्याकडं रात्री दोनला अडलेल्या गिनी पिगला घेऊन कुठं जायचं याचं उत्तर ज्याच्याकडं नाही त्यानं नर-मादी एकत्र ठेवूच नये.

ऊन

गिनी पिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाकडचा, तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी खाण्यासाठी पाळला. थंड हवेचा प्राणी. त्याला १८ ते २४ डिग्री बरी वाटते, २८-२९च्या वर गेलं की त्रास सुरू, घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापून अंग थंड करणंही नीट जमत नाही. आणि भुसावळला मेमध्ये ४५ ही काही बातमी नसते. गाभण मादीला हे ऊन दुप्पट लागतं.

सोय काय काय केली ते लिहिते, कोणाच्या कामी येईल. पिंजरा गॅलरीतून उचलून मधल्या खोलीत, खाली शहाबादी फरशी. कूलर खिडकीत पण वारा सरळ अंगावर नाही. लाइट गेली की बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात, म्हणजे ज्याला हवं तो टेकतो, नको तो लांब बसतो. ओलं गोणपाट पिंजऱ्याच्या वर आडवं, दोन बाजू मोकळ्या, नाहीतर आत वाफ कोंडते. पाण्याच्या बाटल्या दोन, कारण नळीतला गोळा अडकला तर दिवसभर कोणाला कळत नाही.

खाणंही बदललं. आधी पोळीचे तुकडे, केळी, कोबी अन् सशाचं दुकानी खाद्य असं चालू होतं. केळं जळगाव जिल्ह्यात फुकटात मिळतं म्हणून वाटीभर घालायचं नसतं, साखर आहे ती, नखाएवढा तुकडा कधीतरी. गिनी पिग माणसासारखाच स्वतः क जीवनसत्त्व बनवू शकत नाही, त्याला रोज किलोमागे १० ते २० मिलीग्रॅम बाहेरून लागतं, गाभण असली तर ३०च्या आसपास. आपल्याकडं त्याची चिंता नको, १०० ग्रॅम पेरूत २०० मिलीग्रॅमच्या आसपास असतं, एक छोटी फोड पुरते, ढोबळी मिरची, कोथिंबीरही आहे. मुख्य खाणं मात्र वाळलं गवत. लसूणघास गाभणीला आणि पिल्लांना चालतो, त्यात कॅल्शियम जास्त, तोच मोठ्या नराला रोज घातला तर मूतखडा. आणि शेतातून आणलेला चारा फवारणीचा नाही ना हे विचारायचंच, आपल्याकडं एका बांधावर गवत अन् दुसऱ्या बांधावर कपाशी असते.

शेव

एप्रिलच्या शेवटी शेवनं खाणं सोडलं. आदल्या दिवशी दुपारी लाइट बराच वेळ गेली होती. वहिनींनी फोन केला तेव्हा ती अंग फुगवून कोपऱ्यात, पेरूला तोंड लावत नव्हती. शेवटच्या दोन आठवड्यांत गाभण मादीनं खाणं सोडलं की शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं, रक्तात विषारीपणा वाढतो, यकृत बसतं, आणि एकदा हे चक्र सुरू झालं की फार थोड्या वाचतात. पहिलटकरीण, उन्हाचा ताण, अंगानं अपुरी, तिच्यात कारणं सगळीच होती. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं, वहिनी दर दोन तासांनी भिजवलेलं खाद्य सिरिंजनं भरवत होत्या, रात्रीही. ती विण्याआधीच गेली.

भाचीला मावशीनं जवळ घेतलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

शेव गेली म्हणून निर्णय झाला असं लोकांना वाटतं, पण तसं नव्हतं. दादाचा हिशोब त्याआधीच मोडला होता, आणि तो मोडला माझ्या सांगण्यानं नाही.

गिऱ्हाईक म्हणजे नक्की कोण

एक मादी लागोपाठ विऊ दिली तर वर्षात पाच वेतं, तीन-तीन धरली तरी पंधरा पिल्लं, आणि त्यातल्या मुली दोन महिन्यांत स्वतः सुरू. यात साधारण निम्मे नर. हा कागद मी दादासमोर मांडत होते तेव्हा मावशी शेवया मोडत बसली होती, ती तिथूनच म्हणे, "बोकडले खाटीक तरी लेस, याले कोन लेई?"

मी इतकं बोलले त्यात असं एक वाक्य नव्हतं.

कारण खरंच, घरात तेव्हा नर पाच होते. करंजी, लाडू, चिवडा, आणि नव्या वेतातले दोन. मोठे नर मादीचा वास आला की एकमेकांना फाडतात, मादी नसली तरी तीन-चार महिन्यांच्या वयात भांडणं लागतात, एखादी जोडी जमते, एखादी कधीच जमत नाही, आणि न जमणाऱ्या प्रत्येकाला वेगळा पिंजरा. दादानं ऑफिसातल्या तिघांना फोन लावले. तिघांनाही जोडी हवी, म्हणजे नर-मादी, कारण त्यांच्याही मुलांना पिल्लं बघायची. दोन भाऊ नेता का म्हटल्यावर एकानं हसून फोन ठेवला. म्हणजे गिऱ्हाईक होतं ते बर्फीच्या पिल्लांना नव्हतं, ते अजून एक बर्फी-करंजी घर सुरू करायला होतं, आणि तिथं शेवचं सगळं परत.

दुकानात विचारलं तर नगाला शंभर रुपये सांगितले, आणि माद्या असल्या तरच. शेजारच्या एकानं सुचवलं की सोडून द्या यावलकडं केळीच्या बागेत, पडलेलं खातील. तिथं मुंगूस आहे, कुत्री आहेत, ऊन आहे, एक दिवस काढणार नाहीत, आणि पाळलेला प्राणी उपाशी-तहानलेला मरेल अशा जागी सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. विक्रीचा धंदाच करायचा म्हटला तर पेट शॉपचे नियम २०१८ साली आलेत, त्यात कुत्र्या-मांजराबरोबर गिनी पिगचं नाव स्पष्ट आहे, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. ओळखीत दोन पिल्लं देणं वेगळं, दर महिन्याला पैसे घेऊन पिल्लं देणं वेगळं. नोकरदार माणसानं हे डोक्यावर घ्यायचं कशाला?

एक जण तर जळगावहून स्वतः आला होता. त्याच्याकडं राखाडी रंगाचा नर, अंगभर पांढरे अन् काळे केस मिसळलेला, छान दिसायचा. म्हणे तुमची बर्फी पण तशीच आहे, दोघांचं जुळवू, पिल्लं दुप्पट किमतीला जातात. बर्फी खरंच तशी आहे, पाठीवर तपकिरी-पांढरे केस मिसळलेले. असे मिसळ केसांचे दोघं एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला चारात एक शक्यता असते दोन्हीकडून तोच जनुक येण्याची, अन् ते पिल्लू पांढरंशुभ्र जन्मतं, डोळे नसलेलं किंवा अगदी बारीक, दात वाकडे, बहुतेक आंधळं-बहिरं, पुष्कळ वेळा जगत नाही. त्या माणसाला हे माहीतच नव्हतं, त्यानं आधी दोन वेतं काढली होती आणि "एखादं खराब निघतं" एवढंच त्याचं निरीक्षण. करंजी एकरंगी चॉकलेटी आहे म्हणून बर्फीची सातही पिल्लं नीट निघाली, यात घरच्यांचं कौशल्य काही नव्हतं.

दादानं एक प्रश्न चांगला विचारला होता, की सगळ्यांनीच नको म्हटलं तर भाचीसारख्या पोरांना गिनी पिग येणार कुठून. मी म्हटलं तुझ्याच घरून. अशी चुकून झालेली, कोणाला नकोशी झालेली पिल्लं प्रत्येक शहरात पडून आहेत, आधी ती तर संपू देत. आणि मुलांना जन्म बघायला मिळतो हा मुद्दा असेल तर मावशीच्या माहेरी अजून बकऱ्या आहेत, सुट्टीत जा, बघा.

ठरलं ते आणि झालं ते

करंजी परत बर्फीकडं जाणार नाही, हे ठरलं. नवीन वेतातले दोन नर तीन आठवड्यांचे झाल्याबरोबर वेगळे काढले, लाडू-चिवड्याला तर मी पाडव्यालाच खोक्यात घातलं होतं. बर्फी आणि तिच्या दोन मुली एका पिंजऱ्यात, तिघी मस्त राहतात. पिंजरा म्हणजे दुकानातला छोटा नाही, दादानं लोखंडी जाळी आणून जमिनीवर मोठी चौकट बांधली, वरून उघडी, दारं बंद की मांजराची भीती नाही.

लाडू-चिवडा चोपड्याच्या एका घरी गेले, दोघं भाऊ म्हणूनच दिले, पैसे घेतले नाहीत, उलट दाणापाण्याची आठवडाभराची पिशवी बरोबर दिली. पावसाळ्यात त्यांची भांडणं लागली, लाडूचा कान फाटला, आता त्या घरी दोन पिंजरे आहेत, मधे जाळी, एकमेकांना बघतात पण भिडत नाहीत. ते लोक चांगले म्हणून सांभाळून राहिले, दुसऱ्या कोणी एकाला परत पाठवलं असतं.

करंजीचं नसबंदीचं ऑपरेशन नाशिकला जुलैत केलं, ऊन उतरल्यावर. प्रवासात एसी डब्यातून नेलं, बास्केटमध्ये गवत अन् काकडी, काकडीनं पाणी मिळतं. नसबंदीनंतर नर लगेच सुरक्षित होत नाही, सहा आठवड्यांपर्यंत पिल्लं होऊ शकतात, म्हणून तेवढे दिवस वेगळाच ठेवला. खर्च झाला तो पिल्लं विकून आला असता त्याच्या कितीतरी पट, दादा हे आता स्वतःच ऑफिसात सांगतो, जरा अभिमानानंच. सप्टेंबरपासून करंजी तिघींबरोबर आहे आणि पिंजऱ्यात शांतता आहे, खरं तर नसबंदी झालेला एक नर आणि माद्या हा सगळ्यात कमी भांडणाचा संसार.

दुसऱ्या वेतातले दोन नर अजून क्वार्टरमध्येच आहेत. त्यांना नावं ठेवू दिली नव्हती वहिनींनी, म्हणे नाव ठेवलं की देणं होत नाही, तरी भाचीनं ठेवलीच असतील. फोन अजून येतात, दिवाळी जवळ आली की जास्त. वहिनी पहिल्याच वाक्यात सांगतात, दोन नर आहेत, पैसे नकोत, एकत्र न्यायचे, मोठा पिंजरा आहे का, जोडी आम्ही देत नाही. पलीकडून बहुतेक वेळा "बरं, घरी विचारून कळवतो" येतं.